हसन गैरहजर

पट वाचून संपला की सर चष्मा काढायचे, खिडकीतून बाहेर बघायचे आणि आमच्या वर्गात नसलेल्या एका मुलाचं नाव घ्यायचे.

“हसन.”

मग थांबायचे. मागच्या बाकावरून कोणीतरी खरंच उठेल आणि ‘हजर’ म्हणेल, इतका वेळ थांबायचे. कोणी उठायचं नाही. “हसन गैरहजर,” असं स्वतःशीच म्हणून ते हजेरीपुस्तक मिटायचे आणि शिकवायला लागायचे.

माळशेजच्या रस्त्याला, मढच्या अलीकडे आमची शाळा. वर्गातली निम्मी मुलं माझ्यासारखी रस्त्यालगतच्या गावांतली, निम्मी वरच्या डोंगरातल्या वाड्यांमधली. ती शाळेच्या वसतिगृहात राहायची. हसन नावाचं कोणी आमच्यात नव्हतं आणि कधी असण्याची शक्यताही नव्हती. पहिल्या आठवड्यात आम्ही हसलो, दुसऱ्या आठवड्यात कंटाळलो, आणि नंतर हसन आमच्या वर्गातला एक कायमचा गैरहजर मुलगा होऊन गेला. पाऊस झोडपायला लागला की कोणीतरी म्हणायचं, “आज हसन न्हाई येनार राव.” जणू एरवी यायचा.

सर इंग्रजी आणि भूगोल शिकवायचे. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी हिंदी महासागरातल्या एका छोट्या देशात बरीच वर्षं काढली होती. नुसत्या बेटांचा देश. त्याचं नाव गावात कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोकांनी सरांचं आडनावच बदललं. बेटकर सर. पुढे पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा आणि ते ओ द्यायचे.

बेटावरून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक निळा टाय, ज्यावर बारीक मासे होते. तो ते भर मे महिन्यातही लावायचे. एसटीतून उतरले की कंडक्टर म्हणायचा, “या पावणं, कोनाचं लग्न?” दुसरी सवय वर्गाच्या दारात चपला काढायची. तिकडच्या शाळेत अंगणभर पांढरी वाळू, सगळे अनवाणीच वावरायचे म्हणे. आमच्या वर्गात शहाबादी फरशी आणि तिच्या फटींत खडे. सर त्यावरून अनवाणी फिरायचे आणि खडा टोचला की वाक्य मध्येच तोडायचे. इंग्रजीचे कितीतरी नियम मला आजही त्या थांबण्यासकट आठवतात.

खरं तर ते मूळचे इथलेच, आंबेगाव तालुक्यातले. त्यांचं गाव धरणात गेलेलं. पाणी चढत गेलं आणि शेवटी गावामागच्या टेकडीचा माथा तेवढा वर उरला, असं ते सांगायचे. “लहानपणी मी बेट पहिल्यांदा तिथं पाहिलं,” म्हणायचे. “आदल्या वर्षीपर्यंत आम्ही तिथं बकऱ्या चारत होतो.” एवढं सांगून पुढचा धडा काढायचे. बुडलेल्या गावाबद्दल त्यांच्या तोंडून याहून जास्त कधी ऐकलं नाही.

हसन कोण, हे आम्हाला मनीषामुळे कळलं.

मनीषा वरच्या वाडीतली, वसतिगृहात राहणारी, माझ्या बाकावरची. अभ्यासात कच्ची आणि तोंडाने पक्की. नववीत एका सकाळी सरांनी नेहमीसारखं “हसन” म्हटलं आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, “हजर सर!”

वर्गात हशा फुटला. सर मात्र हसले नाहीत. टेबलाचा कोपरा धरून खुर्चीत बसले. एरवी तासाला ते कधी बसायचे नाहीत.

“कोण म्हणालं?”

मनीषा उठली. “मी सर. रोज गैरहजर पडतंय पोरगं. कोनाला तरी कीव यायला नको का?”

त्या दिवशी इंग्रजी झालं नाही. सरांनी बेटाची गोष्ट सांगितली.

ते बेट एवढंसं, की शाळेच्या पायरीवर उभं राहिलं तर दोन्हीकडचा समुद्र दिसायचा. मुलांची दहावीची परीक्षा मात्र साता समुद्रापलीकडची. प्रश्नपत्रिका तिकडून मोहोरबंद पाकिटात यायच्या, उत्तरपत्रिका पुन्हा तिकडेच तपासायला जायच्या. “तपासणाऱ्याने त्या मुलांना पाहिलेलं नाही, त्यांचं बेट पाहिलेलं नाही,” सर म्हणाले. “एकदा पेपरात आलं, नदीच्या काठाने केलेल्या प्रवासाचं वर्णन करा. त्या देशात नदीच नाही. माझ्या मुलांनी गटार लिहिलं.”

पाच विषय सुटले तर मुलगा पास. आणि कोणत्या बेटाचे किती टक्के पास, याची यादी सगळ्या देशात जाहीर व्हायची. वरच्या बेटाचा सत्कार, खालच्या बेटाची मान खाली. बाहेरून आलेल्या शिक्षकाला पुढच्या वर्षी ठेवायचं की परत पाठवायचं, तेही त्यावरच ठरायचं. तेव्हा शाळांनी सोपी युक्ती काढली. जे मूल नापास होईल असं वाटतं, त्याला परीक्षेला बसवायचंच नाही.

“हसन कोळ्याचा मुलगा,” सर म्हणाले. “पाण्याचा रंग बघून होडी कुठं रुतेल ते सांगायचा. इंग्रजीत काठावर. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्हीच घरी जाऊन सांगा, तुमचं ऐकतील. मी गेलो. हाच टाय लावून गेलो. बापाला म्हटलं, यंदा नको, पुढच्या वर्षी बसवू. बापाने मला चहा दिला. म्हणाला, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हालाच जास्त कळतं.”

त्या वर्षी बेटाचा निकाल शंभर टक्के लागला. धक्क्यावर झेंडे लागले, ढोल वाजले. पाहुण्यांची बोट आली तेव्हा तिचा दोर पकडायला हसनच उभा होता.

“माझ्याकडे बघून हसला. आपले सर खूश आहेत, म्हणून तोही खूश. पुढच्या वर्षी तो शाळेत आलाच नाही. बाजूच्या बेटावर हॉटेल होतं, तिथं ताटं धुवायला लागला.” सर उठले आणि फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. “कुठं शंभर टक्के ऐकलं ना, की समजा कोणाला तरी बोटीतून उतरवलंय.”

आमच्या शाळेच्या फाटकावर तेव्हा फ्लेक्स होता. शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा. आम्ही रोज त्याच्याखालून आत यायचो.

पुढचं समजायला सतरा नंबर म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे शाळा सुटलेल्या माणसाला बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून सतरा नंबरचा फॉर्म असतो. सोय चांगली आहे. कामावर जाणाऱ्यांनी, संसारातून वेळ काढणाऱ्या बायकांनी तो भरावा. पण टक्क्यांच्या मागे लागलेल्या शाळांनी त्याची मागची खिडकी केली. नववी झाली की कच्च्या मुलाच्या बापाला बोलवायचं, अर्ज लिहून घ्यायचा, दाखला हातात द्यायचा आणि सांगायचं, बाहेरून सतरा नंबर भर. पोरगं नापास झालं तरी शाळेच्या खात्यात पडत नाही. शाळा शंभर टक्के आणि पोरगं रस्त्यावर. मला हे तेव्हाही पाप वाटत होतं, आजही वाटतं, आणि त्याला सौम्य शब्द मी वापरणार नाही.

आमच्या वर्गातून त्या वर्षी मनीषाचं नाव निघालं. दाखला हातात आला की वसतिगृह जाणार होतं. वसतिगृह गेलं की वरच्या वाडीतून रोज येणं शक्य नाही. म्हणजे शाळा संपली. तिला हे सगळं माहीत होतं. “मी पास न्हाई झाले तरी चालंल,” ती मला म्हणाली, “पर एक वरीस हितं ऱ्हायचंय.”

वार्षिक परीक्षेत ती वरपास झाली होती, तीही सरांच्या कृपेने, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यांनी तिचा भूगोलाचा पेपर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर धरला. प्रश्न होता, बेट म्हणजे काय? मनीषाने लिहिलं होतं, ‘बेट म्हणजे कळकांचा पुंजका. आमच्या घरामागे एक आहे. त्यात साप असतो.’ सरांनी पूर्ण गुण दिले होते. मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला तिथेच होते, म्हणून हे ऐकलं.

“भूगोलात बेट म्हणजे बांबू?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“मराठीत आहे,” सर म्हणाले. “पेपर मराठीत काढला होता ना आपण?”

“चारही बाजूंनी पाणी पाहिजे, सर.”

“तसं पाणी तिने पाहिलेलं नाही. बेट पाहिलंय. तिकडं माझ्या पोरांनी नदीचं गटार केलं तेव्हा तपासणाऱ्याने शून्य दिलं. तो लांब होता, त्याला माफ. मी तर इथंच आहे.”

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. पुढे एका पत्रकात मी त्यांना वाईट केलं, ते वेगळं. ते हळू आवाजात म्हणाले, “निकाल पडला की पोरं ओतूरच्या शाळेत जातात. पट कमी झाला की तुकडी जाते. मग तुम्ही-आम्ही कोणाला शिकवायचं? आणि तुमची तर नोकरीच तासिकेवरची, कायम नाही. पहिला बळी तुमचाच.”

“मग निदान बळी तरी आपण जाऊ. पोरं का?”

पत्रकाचं मी म्हणाले ते असं, की माझे वडील चळवळीतले, आणि मी त्यांच्या पत्रकांवर वाचायला शिकले. आमच्या घरात ओट्याखाली, माळ्यावर, देवळीत पत्रकंच पत्रकं. कुठंही अन्याय दिसला की माझी पहिली धाव कागदाकडे. त्या आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं आणि सरांना दाखवलं. त्यात टक्केवारीच्या बाजारात भरडला जाणारा शोषित विद्यार्थी होता.

सरांनी ते दोनदा वाचलं. “हा शोषित विद्यार्थी कोणत्या बाकावर बसतो?”

“म्हणजे काय सर? मनीषाच की.”

“मग मनीषा कुठाय यात?”

 पत्रक निघालं नाही. त्याऐवजी रविवारी सर, मनीषा आणि मी तिच्या वाडीला चढून गेलो. सोमवारी तिच्या वडिलांना अर्जावर सही करायला बोलावलं होतं.

घर कारवीच्या कुडाचं, मागे ते कळकांचं बेट. सरांनी आधी त्याला एक फेरी मारली. “साप?” त्यांनी विचारलं. “हाये ना,” मनीषा म्हणाली, “पर त्यो आपल्यातलाच हाये.” मग टाय नीट करून सर ओट्यावर टेकले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, “उद्या सही करू नका.”

वडील भात कांडायचं थांबवून समोर बसले. “मास्तर, त्ये मोठं सर म्हनत्यात सही कर. तुमी म्हनताय नको करू. आमी कोनाचं आयकायचं?”

 सर म्हणाले, “एका बापाने माझं ऐकलं होतं. तुम्ही माझंही ऐकू नका. पोरीला विचारा.”

वडिलांनी मान वळवली. “काय गं?”

“मला ऱ्हायचंय वसतिगृहात,” मनीषा म्हणाली. “परीक्षेचं मंग बगू.”

सही झाली नाही. मनीषा दहावीला आमच्याबरोबर बसली. वर्षभर सरांनी तिला शाळा भरायच्या आधी इंग्रजी शिकवलं. ती त्यांच्या टायवरच्या माशांना नावं द्यायची आणि ते तिला त्या माशांवर वाक्यं करायला लावायचे. त्या वर्षी हजेरीच्या शेवटी “हसन” म्हणताना सरांचा आवाज जरा हलका झाला आहे, असं मला वाटायचं. गैरहजर म्हटल्यावर ते मनीषाच्या बाकाकडे बघायचे.

निकाल मोबाइलवर लागला. बाकी सगळे पास. मनीषा गणितात आणि इंग्रजीत नापास.

भाऊसाहेबांनी, म्हणजे शाळेच्या क्लार्कने, नवा फ्लेक्स आधीच छापून आणला होता. तो गुंडाळून कपाटामागे गेला.  मुख्याध्यापक सरांच्या शेजारून जाताना म्हणाले, “झालं समाधान?”

सरांना खरंच समाधान झालं होतं, हीच तर गंमत, आणि हेच दुःख. ते दुपारी पेढ्यांचा पुडा घेऊन वसतिगृहाच्या अंगणात आले. मनीषा पत्र्याच्या पेटीत कपडे भरत होती. मी तिला मदत करत होते, म्हणजे बहुतेक रडत होते. फाटकाबाहेर उभं असलेलं कोणीतरी ओरडलं, “बेटकर सर, नापासाचे पेढे का?” सरांनी तिकडे पाहिलंही नाही.

“घे,” ते मनीषाला म्हणाले. “तू बसलीस.”

मनीषाने पेढा घेतला नाही. “मी नापास झाले सर. इंग्रजीत. तुमच्याच इषयात.”

“त्याची लाज मला वाटायला हवी, तुला नाही. पण बसलीस ना?”

“बसलीस, बसलीस काय लावलंय?” ती उभी राहिली. तिचा आवाज सगळ्या अंगणात गेला. “बसून काय मिळालं? उद्या बाप न्यायला येतोय. तुमाला तुमचा हसन परीक्षेला बसवायचा व्हता. बसवला. मला पास कुटं करायचं व्हतं तुमाला?”

  सरांनी पुड्याचं झाकण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना. तसाच उघडा पुडा हातात धरून म्हणाले, “खरं आहे.”

आणि गेले. चपला अंगणाच्या दाराशी काढल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या.

पत्रकांत बरोबर आणि चूक यांच्यामध्ये ठळक रेघ असते. त्या दुपारी मी ती रेघ शोधत होते. टक्क्यांचा धंदा चूक होता, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. सर बरोबर होते. आणि मनीषाही बरोबर होती. तिला न्याय मिळाला होता, पण तिला इंग्रजी आलं नव्हतं. दोन्हींची गरज होती, आणि आमच्या त्या गरीब शाळेत एका वेळी एकच परवडत होतं.

तीन-चार दिवसांनी सर पुन्हा डोंगर चढून गेले. पुरवणी परीक्षेची तयारी मी करून घेतो, रोज वर येतो, असं सांगायला. घराला बाहेरून कडी होती. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला होता आणि वडील मनीषाला घेऊन नारायणगावला कामाला गेले होते. सर तिथून उतरून आले ते थेट आमच्या घरी. आईने दिलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले, “बेट छान आहे तिच्या घरामागचं.” 

पुढच्या जूनमध्ये माझी धाकटी बहीण नववीत गेली. पहिल्याच दिवशी घरी येऊन तिने सांगितलं, “तू म्हणायचीस तसं नाही गं. बेटकर सर हसन म्हणतच नाहीत.”

“मग?”

“पट संपला की चष्मा काढतात आणि म्हणतात, मनीषा. मग थांबतात. वर्गात कोणी मनीषा नाहीये.”

ते वर्ष संपल्यावर शाळेने सरांचे तास पुढे चालू ठेवले नाहीत. फाटकावर पुन्हा शंभर टक्क्यांचा फ्लेक्स आला. सर घोडेगावला खोली घेऊन राहिले, शिकवण्या घ्यायचे. मागच्या हिवाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

मनीषा मला त्यानंतर नारायणगावच्या बाजारात भेटली. क्रेटच्या राशीआड दहा-बारा बायका टोमॅटो निवडत होत्या आणि ती त्यांच्यावर ओरडत होती. “अगं, फुटका वर नगं ठिवू, खाली घाल!” मग मला पाहिलं आणि हात पदराला पुसत आली. मुलगी झालीय, सासर जवळच आहे, टोळी आता तीच चालवते, असं एका दमात सांगितलं. मी सर गेल्याचं सांगितलं.

ती क्रेटवर बसली.

“त्या येळंला वर आले व्हते म्हनं आमच्याकडं. शेजारीण सांगत व्हती, टाय लावून आला व्हता एक माणूस. मला कळलं मागनं. मी लई बोलले गं त्यांना.”

“ते ‘खरं आहे’ म्हणाले होते.”

“व्हय. तेच तर.” ती हातातला टोमॅटो फिरवत राहिली. “शेवटपत्तूर हसनचं नाव घ्यायचे का हजेरीला?”

मी सांगणार नव्हते. सांगितलं. “तू गेल्यानंतर नाही. शेवटी तुझं नाव घ्यायचे.”

तिने मान वर केली. मागून कोणीतरी टेम्पो भरायला हाक मारत होतं, ती तिला ऐकू आली नाही.

“मंग? कोनी हजर म्हनलं का?”

“नाही.”

“अगं मंग,” ती म्हणाली, “म्हनायचं व्हतं की कोनीतरी.”